बांधावरची भाजी

सासूबाई, बांधावरच्या वालाला आज पहिल्या शेंगा आल्या. तोडताना तुमची इतकी आठवण झाली की घरी येऊन कागद घेऊन बसले. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि असतात तरी अक्षरओळख नव्हती तुम्हाला. हे पत्र कुणाकडून वाचून घेतलं असतंत? मामंजींकडून? मग यातलं निम्मं मला लिहिताच आलं नसतं.

मी बडोद्याची, कारकुनाची मुलगी, महाराजांच्या शाळेत थोडंफार शिकलेली. माहेरी बाजारातून येईल ती एक भाजी असायची. छोट्या आगगाडीने डभोईला उतरून बैलगाडीने तुमच्या घरी आले, तर तुमच्या चुलीपाशी तूरडाळ, तांदुळजा, वालाची उसळ, दोडका, सगळं एकदम मांडलेलं. मनात म्हटलं, खेड्यात दिलं म्हणून आई उगाच रडली. मग पुरुषांची पंगत उठली आणि आपण दोघी बसलो. भांडी खरवडलेली होती. ताटात भाकरी, पळीभर डाळीचं पाणी आणि मिरचीचा ठेचा. घर तेच, शिजलेलं अन्नही तेच, पण ते आपल्यापर्यंत पोचतच नव्हतं. काही दिवसांनी मी धीर करून पंगतीआधीच वाटीभर उसळ काढून ठेवली. तुम्ही ती परत भांड्यात ओतलीत आणि म्हणालात, "जेवणारे उठल्याशिवाय हात घालायचा नाही." मला तुमचा फार राग आला. इतका की त्या दिवशी मी जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मला शेतावर नेलंत. गावात बांधाला शेढो म्हणतात, तुम्हीही शेढाच म्हणायचात. त्यावर वाल चढलेला आहे, कंटोळी लोंबताहेत, खाली तांदुळजा माजलाय, कोपऱ्यात शेवगा. तुम्ही ओटीत खुडून घेताय, मी मागे मागे. घरी आल्यावर चुलीत उरलेल्या निखाऱ्यांवर तुम्ही लहान पातेलं ठेवता आणि म्हणता, "हे आपलं. शेत त्यांचं, शेढा बायकांचा. याचं कोणी विचारत नाही." त्या दुपारच्या भाजीची चव मी अजून विसरलेले नाही. गावातल्या सगळ्या घरांत बायका अशाच जेवायच्या, हे मला पुढे कळलं.

मग कापसाला भाव आला. डभोईहून व्यापारी बांधापर्यंत येऊन उभे राहू लागले, आणि मामंजींनी ठरवलं की शेढा मोडून तिथवर नांगर घालायचा. तेव्हा माझं पहिलं मूल अंगावर पीत होतं. पुरुषांसमोर कधी तोंड न उघडणाऱ्या तुम्ही माजघराच्या दारात पदर सावरून उभ्या राहिलात. "शेढा मोडू नका," म्हणालात. "बायकांचं जेवण आहे ते." मामंजी रागावले नाहीत. समजावल्यासारखं म्हणाले, की कापसाच्या पैशात डभोईच्या बाजारातून हवी ती भाजी येईल. ते खोटं बोलले नाहीत. घरावर नवी कौलं आली, भाजीही आली, बटाटा आणि कोबी. पण बाजारात जाणारे तेच, आवडीचं आणणारे तेच, आणि ती भाजी शिजायची पंगतीच्या भांड्यात. दुपारचं पातेलं फळीवर पालथं पडलं.

पुढे तुम्हाला दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं. भिंत चाचपत चालायचात आणि मी पाहिलं की हात खाली घ्यायचात. वैद्यांनी पालेभाजी खायला सांगितली. शेजारणीने आणून दिलेला तांदुळजा तुम्ही माझ्याच ताटात लोटायचात, "तू पाजतेस," म्हणून. मी खाल्ला. भूक होतीच मला. त्या उन्हाळ्यात साध्या तापात तुम्ही गेलात. डोळ्यांचं कोणी बोललंही नाही.

मामंजी गेल्यावर मी त्याच दारात उभी राहून ह्यांच्याकडे शेढा मागितला. ह्यांनी लगेच दिला. इतका सहज, की मला रडू आलं, आणि ह्यांना वाटलं मी आनंदाने रडतेय. आता वाल आहे, तांदुळजा आहे, कंटोळीचा वेल अजून धरत नाही. सून आली आहे, दिवस गेलेत तिला. तिचं ताट मी पंगतीआधी वाढून झाकून ठेवते, सगळ्यांदेखत. कोणी काही म्हणत नाही. काल तिने तिच्या ताटाशेजारी माझंही ताट वाढून ठेवलं, वालाची उसळ घालून. ती पाणी आणायला आत गेली, तेवढ्यात मी त्यातली उसळ परत भांड्यात ओतली.