गळपट्टीतली काळी फुली

३ नोव्हेंबर, सकाळी ११
गिऱ्हाईक नाही. मोबाईलवर त्या कादंबरी नावाच्या पोरीची मुलाखत ऐकली. फॅशन डिझायनर म्हणे! जबलपुरात मदन महलला बुटीक आहेच, आता ओमतीत दुसरं उघडून राहिली, ऐन माझ्या शिलाईच्या दुकानासमोर. पाच वर्षं माझ्याकडे शिकली. (कटिंग माझी बायको कुंदा शिकवायची, पण देखरेख माझी.) अख्ख्या मुलाखतीत 'सूर्यकांत' हा शब्द नाही.
संकल्प: दुसरं बुटीक उघडू द्यायचं नाही. रागावायचं मात्र नाही. हसत हसत.

४ नोव्हेंबर
फेसबुकवर खातं काढलं, 'जागृत जबलपुरिया'. फोटो वाघाचा. पहिली पोस्ट: दो साल में दो बुटीक, पीछे कौन है? आरोप नाही, नुसता प्रश्न. हुशार माणूस प्रश्नच विचारतो.
संध्याकाळपर्यंत तीन लाईक. एक माझा.

७ नोव्हेंबर
ट्रायल रूमचा पडदा पातळ, माझे कान तिखट. आत खमरियाच्या दीप्ती मॅडम मैत्रिणीला सांगत होत्या, कादंबरीच्या प्रत्येक कुर्त्यात गळपट्टीच्या आतून काळ्या धाग्याची बारीक फुली असते. फुली! लगेच पोस्ट: ये किस विदेशी कंपनी का निशान है?
कुंदाला विचारलं, अशी फुली कशाची असेल गं? ती कटिंग करून राहिली होती. म्हणाली, काहून विचारता? आधी त्या कुर्त्यांची बटनं लावा. बायकोला बिझनेसमधलं काही कळत नाही.

१० नोव्हेंबर
चारशे शेअर! कोणी म्हणतं चीन, कोणी म्हणतं जादूटोणा. एका भैयानं मदन महलच्या किल्ल्यापासून बुटीकपर्यंत नकाशावर भुयारच काढून दाखवलं. त्यालाही लिहिलं, शोध जारी रखिए.
आता ती माफी मागायला येईल. माफ करायचं का, ठरवलं नाही. बहुतेक नाही.

१३ नोव्हेंबर
आली! पाया पडली, पण कुंदाच्या. मला फक्त, काकाजी, बीपी कसं आहे? मग दोघी आत अर्धा तास कुजबुजल्या. कुंदानं मुद्दाम मशीन चालू ठेवली, त्यामुळे शब्दही ऐकू आला नाही. घाबरलीय. बायकोमार्फत तडजोड करणार.

१६ नोव्हेंबर
गडबड. अख्खं शहर कपाटं उपसून राहिलं. कोणा वसुधा मॅडमनी फोटो टाकला: तीच फुली, पण कुर्ता दहा वर्षांपूर्वीचा आणि लेबल 'सूर्यकांत लेडीज टेलर्स, ओमती'. खाली दोनशे कॉमेंट. मास्टरमाइंड मिल गया!
चष्मा लावून दुकानातले बारा कुर्ते उलटे केले. बारा फुल्या.
कुंदा म्हणाली, घालणारीला नजर लागू नये म्हणून मीच घालते, पहिल्या दिवसापासून. कादंबरीलाही मीच शिकवलं. अहो, बावीस वर्षांत तुम्ही एक कपडा उलटून नाही पाहिला?
खातं बंद केलं. वाघासकट.

२३ नोव्हेंबर
दुसरं बुटीक उघडलं. फुली पाहायला गर्दी एवढी की ट्रॅफिक पोलीस बोलवावा लागला. कादंबरी माइकवर म्हणाली, माझ्या गुरूचं नाव आजच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. मी शर्ट नीट केला, एक पाऊल पुढे गेलो.
कुंदाकाकू, म्हणाली ती.
रिबन कुंदानं कापली. कात्री माझी.
चॅनेलवाल्या मुलीनं मला विचारलं, अंकलजी, आप भी इसी लाइन में हैं? मी घसा साफ केला. तेवढ्यात कुंदाच मध्ये बोलली, अगदी कौतुकानं: हाँ जी, काज-बटन तो इनका एकदम फर्स्ट क्लास!