कोरा वाफा दूषित झाल्याबाबत व रखवालदारांना कामावर परत घेण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
मृदा संशोधन केंद्र.

विषय : निलंबित रखवालदारांना सन्मानाने कामावर परत घेणे, तसेच वाफा क्रमांक सात दूषित होण्यास अर्जदार हिची आई, व त्याहून अधिक स्वतः अर्जदार, जबाबदार असल्याबाबत.

संदर्भ : अर्जदार हिचीच लेखी तक्रार, जी खोटी ठरली आहे.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्या केंद्रात मातीतील सेंद्रिय पदार्थ व त्यावर जगणारे जीव यांचा अभ्यास करते. प्रक्षेत्रावरील वाफ्यांपैकी कुणाला शेणखत मिळते, कुणाला पालापाचोळा, कुणाला पिकाची धसकटे. वाफा क्रमांक सात मात्र कोरा. त्यात काही पेरायचे नाही, काही घालायचे नाही, उगवलेले तण उपटून बाहेर टाकायचे, हा नियम अर्जदार हिच्या गुरूंनी घालून दिला व ते निवृत्त झाल्यावर तिने तो पाळला. उपाशी ठेवलेली माती किती काळ तग धरते हे त्या एका वाफ्यावरून कळते आणि बाकी सगळ्यांची तुलना त्याच्याशीच होते.

२. गेल्या हंगामात या वाफ्यातील सेंद्रिय कर्ब वाढलेला आढळला. उपकरण बिघडले असेल म्हणून नमुने पुन्हा तपासले, तेच. मग कडेला गांडुळांची विष्ठा दिसली आणि मातीत केळ्याच्या सालीचा तुकडा सापडला. प्रक्षेत्राचे रखवालदार, ज्यांना शिपायापासून आपल्यापर्यंत सगळेच मामा म्हणतात, त्या वाफ्याच्या कुंपणालगत झाडाखाली डबा खातात. एवढ्यावरून अर्जदार हिने साप साप म्हणून भुई धोपटली. मामांना एका शब्दाने न विचारता थेट आपल्याकडे तक्रार केली. चौकशीत मामा मान खाली घालून एवढेच म्हणाले, "माझं लक्ष राहिलं नाही, साहेब." ती कबुली समजून त्यांना निलंबित करण्यात आले.

३. मामा गेल्यावरही साली येतच राहिल्या. एके दिवशी डोके दुखते म्हणून अर्जदार दुपारीच घरी परतत असता तिने पाहिले, की तिची आई पातेले घेऊन कुंपणाच्या फटीतून आत शिरली आहे आणि चहाचा चोथा, भाज्यांची देठे वाफ्यात हाताने कालवते आहे. शिवाय वाफ्याशी बोलते आहे. "आई, काय करतेस हे!" असे अर्जदार ओरडली. आई जराही दचकली नाही. म्हणाली, "अगं, बाकीच्या सगळ्यांना तुम्ही घालता. या एकट्यालाच काही नाही. सावत्र आहे का हा?"

वडील गेल्यानंतर आई अर्जदार हिच्याकडे राहायला आली. अर्जदार सकाळी जाते ती दिवेलागणीला परतते. केंद्राच्या आवारातील त्या दोन खोल्यांत आईने दिवसभर कोणाशी बोलावे, याचा विचार तिने कधी केला नव्हता. चिमूटभर मातीत किती जीव नांदतात, हे मात्र ती झोपेतून उठवले तरी सांगू शकते.

४. येथपर्यंतचे सर्व चूक या सदरात मोडते. यापुढील मोडत नाही. त्याच पावली आपल्या दालनात येऊन खरे सांगणे अर्जदार हिचे कर्तव्य होते. परंतु आढावा समितीची बैठक तोंडावर आली होती व विभागप्रमुखपदासाठी तिचे नाव पुढे होते. मामा का दिसत नाहीत असे आईने पूर्वीच विचारले होते, तेव्हा "रजेवर आहेत" असे तिला सांगितले होते. ते तसेच राहू दिले. "थोडे दिवस दादाकडे जाऊन ये," असे म्हणून आईला भावाकडे धाडले. आईने कारण विचारले नाही, पिशवी भरली.

त्यानंतर अर्जदार चिमटा घेऊन वाफ्यात बसली व चोथा वेचू लागली. चोथा बराचसा निघाला. गांडुळे निघेनात. धरू गेले की ती अधिकच खोल जात. ज्या जीवावर आपले सारे शिक्षण झाले, त्यालाच आपण पुरावा नष्ट करण्यासाठी ओढून काढतो आहोत, हे ध्यानात येऊनही ती थांबली नाही, हे नमूद करणे भाग आहे. पुढे समितीसमोर आपण म्हणालात, "बाईंनी वेळेवर लक्ष घातलं म्हणून प्रयोग वाचला." अर्जदार "आभारी आहे" म्हणाली.

५. मन खाऊ लागले तेव्हा अर्जदार मामांच्या घरी गेली. ते पायरीवर बसून गल्लीतल्या कोणाची तरी छत्री दुरुस्त करत होते; हल्ली तेच करतात. तिने तोंड उघडण्याआधी त्यांनी तिच्या आईची चौकशी केली, "आजी कशा आहेत?" त्यांना सारे ठाऊक होते. मग सांगितले का नाही, असे अर्जदार हिने त्यांनाच विचारले. मामा म्हणाले, "आजी म्हणाल्या होत्या, माझी पोर आहे, मीच तिला सांगेन. आणि चौकशीत तुम्ही समोर बसलेल्या, मॅडम. चारचौघांत तुमच्या आईचं नाव कसं घेऊ? वाटलं, तुम्ही एकदा तरी बाजूला घेऊन विचाराल." मामांच्या पत्नी पाण्याचा पेला ठेवून आत गेल्या, त्या अर्जदार निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

६. सबब नम्र विनंती की, मामांना निलंबनाच्या दिवसापासून कामावर धरावे आणि ज्या माणसांसमोर त्यांची मान खाली गेली, त्याच माणसांसमोर अर्जदार हिला त्यांची माफी मागू द्यावी. सातव्या वाफ्याची अलीकडची आकडेवारी रद्द समजावी. ज्यांनी ती वापरली त्यांना अर्जदार स्वतः कळवील. विभागप्रमुखपदासाठी तिचे नाव वगळावे. आईने विनापरवाना प्रक्षेत्रात प्रवेश केला म्हणून नियमानुसार कोणाला शिक्षा करणे आवश्यकच असल्यास ती अर्जदार हिला करावी. वाफा आता कोरा नाही, आणि पुन्हा कोरा झालाच तर तो पाहायला आपल्यापैकी कोणी नोकरीत नसेल. गुरूंना हे फोनवर सांगितले.  ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

७. काल भावाकडे जाऊन अर्जदार हिने आईला सर्व सांगितले. वाफा बिघडला हे आईने ऐकून घेतले. मामांचे ऐकून मात्र ती उभी राहिली. "माझ्या सालींपायी त्या माणसाचं काम गेलं, आणि तू मला दादाकडे पाहुणी म्हणून पाठवलंस?" एवढे बोलून तिने पिशवी भरली. त्यानंतर ती अर्जदार हिच्याशी एक अक्षर बोललेली नाही. परंतु तिच्यासोबत आली आहे. हा अर्ज तिने शिपायाच्या हाती देऊ दिला नाही. आपण तो वाचत असाल तेव्हा ती आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसलेली असेल. शेजारी मामा असतील. त्यांना तिने स्वतः घरी जाऊन आणले आहे. कृपया दोघांना आत बोलवावे आणि बसायला सांगावे. आई रागावलेली आहे, परंतु तो राग आपल्यावर नाही.

आपली अपराधी व आज्ञाधारक,

(सही)
अर्जदार
मृदाजीव विभाग

दिनांक : ९ मार्च

सोबत : विभागप्रमुखपदाची उमेदवारी मागे घेत असल्याचे पत्र.