विहीणबाई आणि मी, खोली एकच

११ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो! बुटीक हॉटेल म्हणजे काय ते आज कळलं. मला आपलं वाटायचं, बुटीक म्हणजे ब्लाउज शिवतात ते. तर हे एक छोटंसं हॉटेल निघालं. दर खोलीचा रंग निराळा, एका खुर्चीचं दुसरीशी पटत नाही, दिव्यांना टोपल्यांच्या टोप्या. भाडं बेताचं, समुद्र हाकेच्या अंतरावर. आमची खोली पिवळीजर्द. हळदीच्या डब्यात बसल्यासारखं वाटतंय.

पण पलंग एकच! मी आणि विहीणबाई! लेकीच्या सासूबरोबर एका पलंगावर झोपायची वेळ माझ्यावर येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. त्याहून कहर बाथरूमचा. दार काचेचं, तेही बिनकडीचं. काच दुधी आहे, पण आत कोण आहे आणि काय चाललंय ते सगळं कळतं. मॅनेजरबाई हसून म्हणाल्या, "आमच्याकडे जास्त करून जोडपीच येतात." आम्ही दोघी जमिनीकडे बघत राहिलो.

शेवटी विहीणबाईंनीच तोडगा काढला. एक आत गेली की दुसरीने गॅलरीत जायचं, आणि आतलीने मोठ्याने काहीतरी म्हणत राहायचं. त्यांचा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, त्या पाढे म्हणतात. मी जुनी गाणी. संध्याकाळी त्या एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत गेल्या. पोट बिघडलंय वाटतं.

जे सांगायला म्हणून आले ते सांगायचं राहिलंच.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज निदान इथे तरी लिहून टाकते.

मागच्या आठवड्यात लेक येऊन गेली. निघताना चप्पल घालत घालत म्हणाली, "आई, आम्ही वेगळं राहायचं ठरवलंय. भांडण वगैरे काही नाही. आईंना तू सांगशील? मला नाही जमणार." लिफ्ट आली, ती गेली. मी दारात, हातात तिचा विसरलेला डबा.

मी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं ना! पण कळायचं ते कळलं होतं. गेलं वर्षभर तिच्या तोंडी जावयाचं नाव नाही. 'तो' म्हणूनसुद्धा नाही. 'घरी विचारते', 'घरी कळवते' एवढंच. सहा वर्षांचा संसार, आणि हे असं चप्पल घालता घालता!

ह्यांना बोलले नाही. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तेवढ्यात विहीणबाईंचाच फोन – "चला, समुद्रावर जाऊन येऊ, दोघीच." म्हटलं, देवानेच धाडला हा फोन. तिथे निवांत सांगता येईल.

निवांत कसलं! जीव टांगणीला लागलाय. एका विधवा बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुमच्या एकुलत्या एका मुलाचा संसार मोडतोय आणि मोडणारी माझी लेक आहे? सकाळी नाश्त्याला अंडी, पपई, टोस्ट – मी कशालाच हात लावला नाही. त्यांनी माझ्या ताटातलं अंडं उचलून खाल्लं. म्हणाल्या, "वाया कशाला घालवायचं?" तेवढ्यावर मला रडू आलं. मिरी जास्त झाली म्हणून सांगितलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आजही नाही. दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा हवेबद्दल बोलले. दमट आहे!

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं!! हुश्श!!

आणि काय झालं ते लिहिताना अजून हसू येतंय. चहाच्या वेळी गॅलरीत उभ्या होतो. त्या ओले कपडे पिळत होत्या. मी डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं, "विहीणबाई, पोरं वेगळी राहणार म्हणतायत."

त्यांचे हात थांबले. माझ्याकडे बघत राहिल्या, बघत राहिल्या. वाटलं, आता ही बाई कोसळते. तर त्या खो खो हसायलाच लागल्या!

"अहो, एवढंच? वेगळी चूल मांडतायत ना माझ्यापासून? मांडू दे की! हे सांगायला तीन दिवस उपाशी राहिलात?"

मी आ वासून उभी. वेगळं – म्हणजे सासूपासून वेगळं! हे माझ्या डोक्यातच आलं नाही! आपल्याकडे पोरं वेगळी राहतात म्हटलं की दुसरा अर्थ असतो का काही? माझ्याच वेळी मी ह्यांना 'आपण वेगळं राहू या' म्हणून किती भुणभुण लावली होती. आणि लेक तेच म्हणाली तर मी थेट कोर्टाच्या पायरीवर! मन चिंती ते वैरी न चिंती.

जीव भांड्यात पडला. मी विहीणबाईंना मिठी मारली. ओल्या परकरासकट! त्या म्हणाल्या, "मी तर म्हणते सुटले. सकाळचा रेडिओ मोठ्याने लावता येईल. समोरच्या खोलीत झाडं आणीन. सूनबाईला कारलं आवडत नाही, रोज कारलं करीन."

लेकीला लगेच फोन लावणार होते. विहीणबाई म्हणाल्या, "फोनवर कशाला? समोरासमोर बोला." तेही खरंच.

आज दोन प्लेट भात खाल्ला. मॅनेजरबाईसुद्धा म्हणाल्या, "बऱ्या झालात वाटतं?"

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

एवढी हसले नव्हते कित्येक वर्षांत. दोघी ड्रेस घालूनच समुद्रात शिरलो. लाट आली की विहीणबाई माझा दंड धरतात आणि शाळेतल्या आवाजात ओरडतात, "रांगेत!" कोणाला म्हणे? लाटांना!

वाळू कानात, वाळू उशीत, वाळू चहात. असू दे.

मग त्या थोड्या पुढे जाऊन कंबरभर पाण्यात पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. बराच वेळ. हाक मारली तर वळल्या, डोळे लाल. खारं पाणी गेलं म्हणाल्या. लाट आली की डोळे घट्ट मिटायचे, मी शिकवलं.

दुपारी पोरांच्या नव्या घराचे पडदे ठरवले. त्यांचं म्हणणं निळे, माझं म्हणणं निळे लवकर मळकट दिसतात. भांडलोसुद्धा! काय मजा आली भांडायला. गेली सहा वर्षं मी ह्या बाईशी जपून, तोलूनमापून बोलत होते. केवढा वेळ फुकट घालवला!

आणि बाथरूमचं सांगायचं तर, आता गॅलरीत कोणी जात नाही. त्या आत पाढे म्हणतात, मी पलंगावरून चुका काढते.

१६ नोव्हेंबर, शनिवार

निघतोय. हलकं हलकं वाटतंय. बॅग मात्र जड, शंखशिंपल्यांनी. ह्यांना आता सगळं सांगेन, गावभर करू देत.

१७ नोव्हेंबर, रविवार

लेक आली. एकटी, दोन मोठ्या बॅगा घेऊन. म्हटलं, "तुझ्या सासूबाई किती खूश झाल्या म्हणून सांगू!" "खूश?" म्हणत तिने बॅगा खाली ठेवल्या. मग हळूहळू सगळं सांगितलं. मी आधी समजले होते तेच बरोबर होतं. ती आणि तो. कायमचं.

आता माझ्या पलंगावर गाढ झोपलीय. वर्षभरात असा चेहरा पाहिला नव्हता तिचा.

मी तणतणत विहीणबाईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला लेकाने महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. तुम्हाला सांगायला म्हणूनच तिथे नेलं. पण तुमचा तो चेहरा बघितला, आणि वाटलं, 'वेगळं' ह्या शब्दाचा दुसराही अर्थ आहे की. दोन दिवस दोघींनी त्यात राहून बघू."

राग कुठे गेला कळलं नाही. म्हटलं, "उद्या जेवायला या."

"कोण म्हणून येऊ?" त्यांनी विचारलं.

"आधी या. ते मग ठरवू."