ताईचा अर्क

३ मार्च
मूर्ख बाई! सत्तरी उलटली तरी आमच्या ताईची अक्कलदाढ यायचीच आहे.
कानशिलाची शीर टरारून फुगलीय, घास चावताना जबडा दुखतो. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं — रक्तवाहिनीला सूज आहे, आजपासून स्टिरॉइडच्या गोळ्या, नाहीतर नजर जाईल. आणि ही? "गोळ्यांनी तोंडाचा भोपळा होतो. मी आपली पाल्याचा अर्क घेईन." शेजारणीने बाटली आणून दिलीय. वर छापलंय — 'रक्तवाहिन्यांचे कवच. प्रयोगशाळेत सिद्ध.'
प्रयोगशाळेत! ती प्रयोगशाळा माझी! उभी नोकरी मी हाच पाला भिजवण्यात घालवली.

४ मार्च
रागातसुद्धा तो वास आठवला. लॅबच्या दारातच यायचा — वाळलेल्या पानांचा आणि स्पिरिटचा. पाला कुटायचा, अल्कोहोलमध्ये भिजत घालायचा. मग फिरत्या चंबूतून अल्कोहोल उडून जायचं आणि तळाशी उरायचा काळपट हिरवा चिकटा. लॅबचे साहेब तो काचेच्या कांडीवर घेऊन म्हणायचे, "बघा बाई, पोतंभर पाल्याचं एवढंच सत्त्व!" त्यातला थेंब रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींवर. मुद्दाम चिडवलेल्या त्या पेशी हळूहळू शांत व्हायच्या. खरंच व्हायच्या! पहिल्यांदा दिसलं तेव्हा साहेबांसकट सगळ्यांनी टाळ्या पिटल्या होत्या.
पण त्या लॅबच्या काचेच्या बशीतल्या पेशी. बशीला ना डोळे, ना ताईचा हट्ट! बशीपासून माणसापर्यंतची वाट कुणी चाललंच नाही. साहेब गेले, लॅबला टाळं लागलं.

५ मार्च
गेले. भांडले. आले.
"जन्मभर पाला उकळलास तू, आणि मलाच नको म्हणतेस?"
"बशीत चाललं म्हणून तुझ्या कानशिलात चालेल?"
"आवाज खाली! मदर ऐकतील!"
जिना उतरताना हसू फुटलं. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत मदरनी याच बडबडीपायी मला ताईच्या वर्गाबाहेर उभं केलं होतं. खिडकीतून बोलायची ती, शिक्षा मला! आई म्हणायची, "थोरली अर्क आहे, अर्क. धाकटी आपली नुसता चोथा."

९ मार्च
आजही माझ्यादेखत चमचाभर प्याली, वर डोळा मिचकावला. हिचे डोळे गेले तर? आमचे हे गेल्यापासून मी उंबरा ओलांडायची बंद झाले होते. आता रोज तिचा जिना चढून धापा टाकतेय. आणि ती म्हणते, "उशीर केलास!"

१० मार्च
गेले. भांडले.

२ एप्रिल
कानशील दुखत नाही म्हणते. शीर खरंच बसलीय. "पाहिलास तुझा पाला?"
क्षणभर — फक्त क्षणभर — ऊर भरून आला. साहेब, तुम्ही हवे होतात!
मग नीट पाहिलं. चेहरा गोल झालाय. म्हटलं, "सूज कानशिलातून गालावर उतरली!"
"सुखाची सूज आहे ती. तुला नाही कळायची."

३ एप्रिल
ती अंघोळीला गेल्यावर बाटली पिशवीत घातली. चोरीच! मदर, क्षमा करा.
घरी टीपकागदावर थेंब, त्यावर स्पिरिट. आमच्या पाल्याचं हिरवं कडं पसरायलाच हवं.
नाही पसरलं. पुन्हा थेंब, पुन्हा स्पिरिट. तेच. तपकिरी डाग, बस्स. शेवटी जीभ लावून पाहिली.
कोरा चहा!

४ एप्रिल
बाटली तिच्यासमोर आपटली. ढिम्म हलली नाही. म्हणाली, "अर्क बाटली आली त्याच दिवशी मोरीत ओतला. गोळ्या पहिल्या संध्याकाळपासून घेतेय, डोळे काय नकोसे झालेत मला? पण हे सांगितलं असतं, तर तू रोज आली असतीस?"
आई, तू बरोबर होतीस.
उद्यासाठी भांडण शोधायला हवं.