झुडपावर ठेवलेलं दुपटं

आई,

तुला पत्र लिहायची सवय मोडली त्याला जमाना झाला. तू होतीस तेव्हा मी दर पंधरवड्याला लिहायचे आणि तू ते शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचीस, म्हणून मी त्यात धड काही लिहिलंच नाही. उन्हाळा कडक आहे, तब्येती बऱ्या आहेत, येणाऱ्याबरोबर खजूर पाठवते. परक्या माणसासमोर रडगाणं कशाला, असा विचार. आता मास्तरही गेले. मी मस्कतच्या एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसले आहे, समोरचा चहा गार झालाय, वर दुसऱ्या मजल्यावर तुझी नात पडून आहे आणि तिच्या वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत तुझी पणती. सातवा महिना पुरता सरला नाही तोच आली. किलोभर साखरेची पिशवी हातात घेतली तर जेवढी भरेल तेवढीच आहे, त्यात निम्म्या नळ्या. डॉक्टर रोज एकच सांगतात, वाट बघायची. मी बघते. मला दुसरं काही येतही नाही.

तू गेलीस तेव्हा तुझी नात चौथीत होती. फोनवर तुझ्याशी बोलायला लाजायची, कारण तिचं मराठी अडखळायचं आणि तू खदखदून हसायचीस. ते अजून अडखळतंच, हसणारं कोणी उरलं नाही एवढंच. याआधी तिची दोन गेली. एक तिसऱ्यात, एक पाचव्यात. या वेळी डॉक्टरांनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि झोपून राहायला सांगितलं. तिचा नवरा सोहारला नोकरीला, दर गुरुवारी येणारा, म्हणून ती माझ्याकडे आली. तुझे जावई पहाटे रुसैलच्या फॅक्टरीला निघण्याआधी तिच्या खोलीत डोकावायचे, एसी कमी करायचे, मग जास्त करायचे, मग जायचे. त्यांच्या हातात तेवढंच होतं. मी तर डोहाळजेवणसुद्धा केलं नाही. ओळखीच्या बायका मागे लागल्या, अगं, निदान ओटी तरी भर. मी बघू बघू म्हणत टाळलं. आपण हौसेने काही करायला गेलो की नेमकं तेच बिघडतं, असं माझ्या मनाने घेतलं होतं. ती मात्र वैतागायची. "नुसती झोपून मी मॅड होतेय, आई. कोणीतरी काहीतरी करा ना."

करणारी भेटली ती आमच्या वरच्या मजल्यावरची आयरिश बाई. माझ्याच वयाची, लहान मुलांच्या शाळेत शिकवते. एकदा आम्ही दोघी लिफ्टमध्ये अडकलो, बाजाराच्या पिशव्यांवर बसून राहिलो, तेव्हापासूनची मैत्री. जानेवारीच्या शेवटच्या संध्याकाळी तिच्याकडे सण असतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ब्रिजिडचा दिवस. संत म्हण की देवी म्हण, त्यांच्यातही एकमत नाही. गाईगुरं, दूधदुभतं, बाळंतिणी, सगळं तिच्याच खात्यात येतं. त्यांच्याकडे त्या सुमारास थंडी ओसरायला लागते, मेंढ्या व्यायला येतात, आणि हल्ली तिथलं सरकार या सणाची सुट्टीही देतं म्हणे. इथे मस्कतमध्ये मेंढीचं आणि आमचं काय देणंघेणं, पण ती दर वर्षी तितक्याच उत्साहाने करते. ती, मी आणि तिच्या शाळेतली सूरची एक ओमानी मैत्रीण, अशा तिघीच असतो.

आधी बरणीत क्रीम घालून ती आळीपाळीने हलवायची, लोणी येईपर्यंत. मी म्हटलं, रवी असती तर केव्हाच आलं असतं, पण तिथे रवी कुणाला माहीत. तिने ओटाचा ब्रेड भाजला होता. उकडलेले बटाटे, कोबी आणि पातीचा कांदा एकत्र घोटून मध्ये लोण्यासाठी आळं केलं होतं. बिनफोडणीचा बटाटा माझ्या घशाखाली उतरत नाही, पण ताजं लोणी होतं म्हणून दोनदा घेतला. मग क्रॉस विणायचे. त्यांच्या गावी ते लव्हाळ्याचे करतात, इथे खजुराच्या पात्या. ओमानी मैत्रिणीच्या घरी बायका खजुराच्या चटया विणत आल्या आहेत, तिचा क्रॉस बोलता बोलता झाला. माझा एका बाजूला असा कलला की मी तो पदराआड, म्हणजे ओढणीआड केला.

विणता विणता आयरिश बाईने गोष्ट सांगितली. ब्रिजिडने राजाकडे बायकांच्या मठासाठी जमीन मागितली. राजा हसला. ती म्हणाली, माझी शाल झाकेल तेवढी तरी दे. तेवढी घे, म्हणाला. तेव्हा चार पोरींनी शालीची चार टोकं धरली आणि चार दिशांना पळत सुटल्या, आणि शाल वाढतच गेली, पार डोंगरापर्यंत. "राजाने शब्द देण्याआधी विचार करायला हवा होता," ओमानी मैत्रीण म्हणाली. मी त्यांना वामनाची गोष्ट सांगितली. आमच्याकडे तीन पावलं होती, शाल नव्हती. "आणि राजाचं काय झालं?" "पाताळात गेला." "बिचारा. आमच्या राजाला नुसता घाम फुटला." आम्ही हसलो, आई. बरणी हलवताना, गोष्ट ऐकताना मला मुलीची आठवणच झाली नव्हती, आणि ते लक्षात आल्यावर हातातलं सगळं टाकून खाली पळावंसं वाटलं.

पण अजून दाराचा विधी व्हायचा होता. घरातल्या मुलीने लव्हाळ्याची मोळी घेऊन बाहेर उभं राहायचं, दार वाजवायचं, ब्रिजिड आली आहे, आत घ्या, असं म्हणायचं, आणि आतल्यांनी तिला ये म्हणायचं. "तुझी मुलगी उठू शकत नाही, तिच्या वतीने तू जा," ती म्हणाली. मी खजुराच्या पात्यांची मोळी छातीशी धरून पॅसेजमध्ये उभी. समोरच्या फ्लॅटमधली केरळी बाई कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आली. "क्या हुआ, चाबी भूल गया?" मी म्हटलं, "नहीं, त्योहार है." तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कचरा तसाच घेऊन परत आत गेली. मी दार वाजवलं. आतून दोघींचा आवाज आला, ये, ये, तुझंच घर आहे. मला उगीचच भरून आलं.

मग तिने मुद्द्याचं सांगितलं. त्या रात्री बाहेर एक कापड ठेवायचं. ब्रिजिड फिरत असते, जाता जाता हात लावते. सकाळी ते दवाने ओलं झालेलं कापड घरात आणायचं आणि वर्षभर जपायचं. डोकं दुखलं तर डोक्याला बांधायचं, बाई अडली तर तिच्या पोटावर ठेवायचं. तिच्या आईच्या पोटावर ठेवलं होतं म्हणे, ती जन्मली तेव्हा. "तुझ्या मुलीसाठी ठेव," ती म्हणाली. ओमानी मैत्रीण म्हणाली, "मी कापड ठेवणार नाही, आमच्यात चालत नाही. पण मी दुआ करीन. इन्शाल्ला, सगळं नीट होईल." मी खाली येऊन मुलीला हसत हसत सांगितलं, तर ती एकदम म्हणाली, "आजीचं ते ठेव ना. ब्राउन बॉर्डरवालं."

तुझ्या लुगड्याचं दुपटं, आई. मी तिच्या वेळी चिपळूणला बाळंतपणाला आले तेव्हा मस्कतहून बॅगभर नवे कपडे आणले होते, झालरीचे, मोज्यांच्या जोडासकट. तू बॅग खाटेखाली ढकललीस. "दुकानातलं कापड पोराला टोचतं. आधी माणसाच्या अंगावर झिजावं लागतं," म्हणालीस. मी कळा येत असतानाही त्याच रागात होते. तू पाठ चोळत होतीस आणि मी तुझा हात पिरगळत होते. "ओरड हवी तेवढी, पण हात सोड माझा. उद्या भाकऱ्या कोण थापणार?" मग रोजच्या वापरातलं, सगळ्यात मऊ झालेलं लुगडं तू फाडलंस. बाहेर नेसायचं नव्हे, ते ठेवलंस. परत येताना त्यातलं एक दुपटं तू माझ्या पिशवीत कोंबलंस. बाकीची गावीच संपली. हे एक राहिलं. मुलीच्या पहिल्या खेपेला मी ते धुऊन उन्हात घातलं होतं. दुसऱ्या खेपेलाही. दोन्ही वेळा परत कपाटात गेलं. माझं स्वतःचं झिजलेलं सुती काही द्यावं म्हटलं तर माझ्याकडे एक साडी नाही तशी. सगळे कुर्ते, तेही न चुरगळणारे.

इथे बाल्कनीत रस्त्यावरून दिसेल असं कापड वाळत घालायला बंदी आहे. म्हणून आयरिश बाई आणि मी खाली गेलो आणि पार्किंगच्या कडेच्या बोगनवेलीवर ठेवलं, तिचा लिननचा नॅपकिन आणि तुझं दुपटं. सकाळी उजाडता उजाडता मी एकटीच उतरले. नॅपकिन वॉचमनच्या खुर्चीवर नीट घडी करून ठेवलेला. दुपटं त्याच्या हातात. तो एका पांढऱ्या गाडीची काच पुसत होता आणि बादलीतलं पाणी काळं झालं होतं. सकाळच्या गाड्या धुणं हा त्याचा वरचा धंदा. मला बघून त्याने सलाम केला. मी हात पुढे केला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. "मॅडम, आपका है? हम समझा फेंका हुआ है. पुराना है ना, नरम है, शीशे पर लाइन नहीं पड़ता." मी म्हटलं, "बच्चे के लिए था." त्याचा चेहरा उतरला. मला राग यायला हवा होता. पण तू ज्या कारणासाठी ते बाळाला निवडलंस, त्याच कारणासाठी त्याने ते काचेला निवडलं होतं. त्याला काय बोलणार? तो ते परत देईना. संध्याकाळी धुऊन, लाँड्रीतून इस्त्री करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दारात आणून दिलं. ऑइलचा एक डाग तेवढा राहिला.

मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. रात्रभर बाहेर होतं, एवढंच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. तिने डाग बघितला, विचारलं नाही. पोटावर गुंडाळून झोपली आणि म्हणाली, "स्मेल छान आहे." साबणाचा वास होता तो. आयरिश बाईने येऊन तिच्या कपाळावरून हात फिरवला, माझा कललेला क्रॉस तिच्या उशाशी टांगला. तीन-चार दिवस बरे गेले. ती जेवायला लागली, नवऱ्याशी फोनवर हसायला लागली, आणि मलाही वाटलं, चला. मग एका दुपारी कळा सुरू झाल्या. टाका काढावा लागला. मला आत जाऊ दिलं नाही. तुझ्यासारखी पाठ चोळायला मी नव्हते, मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत होते, आणि तुझे जावई येऊन उगाचच रिसेप्शनवर पार्किंगबद्दल विचारत होते.

काल बाळाच्या वॉर्डातली नर्स आली. आपल्याकडचीच, केरळची. म्हणाली, "घर से पुराना कॉटन का कपड़ा लाना, एकदम सॉफ्ट, छोटा. मम्मी रात में अपने सीने पर रखेगी, फिर हम बेबी के पास रखेगा. बेबी को मम्मी का स्मेल मिलेगा तो शांत रहेगी." मुलगी लगेच म्हणाली, "आई, आजीचं आहे ना. ते आण." डोळे किती दिवसांनी चमकले तिचे. मी म्हटलं, अगं, त्याला डाग पडलाय ऑइलचा, इन्फेक्शन व्हायचं. तिला ते पटलं. मी तशीच टॅक्सी करून हमरियाच्या बाजारात गेले, कापडाच्या एका छोट्या दुकानातून मऊसूत मलमल घेतली, घरी येऊन चारदा धुतली, उकळली, हाताने चोळून चोळून जुनी करायला बघितली. रात्री ती मुलीने छातीवर ठेवली. आज सकाळी ती पेटीत गेली. बाळाची एवढीशी मूठ मलमलीच्या काठावर होती, मी काचेतून पाहिली.

डागाचं मी तिला सांगितलं, तिच्या बापाला सांगितलं, आयरिश बाईलाही सांगितलं, आणि सगळ्यांनी बरोबर केलंस म्हटलं. डाग उकळून निघाला असता, आई. नसता निघाला तर तेवढा तुकडा कापता आला असता, नर्सला छोटाच हवा होता. ते दुपटं घरी नव्हतंच. ती कापड मागत होती तेव्हा ते मांडीवरच्या पर्समध्ये होतं, आताही आहे. ते तीनदा कपाटातून निघालं, आणि तिसऱ्यांदा मला ते त्या पोरीजवळ जाऊ द्यायचं नव्हतं. मी तुझ्या लुगड्याला घाबरले.