रंगसूचनेतला अलारम

रोहा, शनिवार. डिसेंबर संपत आलेला.

आनंद मावत नाही, म्हणून पेणची गाडी सोडून स्टाफरूममध्येच लिहायला बसलेय. हा 'अलारम' शब्द वर्गात इंग्रजी शिकवताना महिनाभर डोक्यात होता. जुन्या इंग्रजी नाटकांत तो रंगसूचनेत सारखा भेटतो. शस्त्रं उचला, हा त्याचा मूळ अर्थ. तो आला की पडद्यामागे नगारे, तुताऱ्या, आरडाओरडा. लढाई दिसत नाही, नुसती ऐकू येते. कुठे तर प्रेमाच्या हाकेलाही हाच शब्द! माझ्या वर्गातल्या मुलींना मात्र फक्त गजराचं घड्याळ माहीत.

आज गॅदरिंगमध्ये आम्ही असाच एक प्रवेश केला. "शत्रू आला!" म्हणून राजा थांबला आणि नेमका लढाईचे आवाज वाजवणारा टेपरेकॉर्डर बंद. मागे शांतता. आता काय करायचं? तेवढ्यात नसरीन उठली. हजेरीलाही नुसता हात वर करणारी, म्हणून मी तिला कपडेपटावर ठेवलेली. तिने पत्र्याची पेटी बडवली आणि अशी ओरडली, की पुढची रांग उठून उभी राहिली. एवढा आवाज कुठे होता हिच्यात?

तिचे अब्बा कुवेतहून सुट्टीवर आलेत. "मॅडम, ही आमचीच पोरगी हाय ना?" त्यांनी दोनदा विचारलं.

"व्हय, तुमचीच!" मीही त्यांच्यासारखीच बोलून गेले.

मग प्राचार्यांनी तिला रंगमंचावर बोलावलं. "तुझी भूमिका कोणती गं?"

नसरीन माईकसमोर खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, मी लढाई होते."