शनिवारी मागं बसायचं

भेंडवस्ती, तलवाड्याजवळ
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

चि. राजनंदिनीस, आजी मंजुळाबाईचा आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक. म्हैस आटली, माझे गुडघे हायेत तसेच हायेत. तुझा भाऊ अंगद आणि नातसून ऊसतोडीला कर्नाटकात गेले, त्यांची करिष्मा माझ्याजवळ राहिली. फोन कावून केला न्हाई म्हणशील. फोनवर तू मीटिंगमध्ये असतीस. अक्षर वाकडं हाय, चौथीचं हाय, चालवून घे.

अंगद सांगत होता, मुख्याध्यापक शाळा कशी चालवतात, मास्तर कसे तयार होतात, यावर तू पुण्यात जो अहवाल लिहितीस त्यात आपल्या वस्तीच्या हेडबाई वनमालाबाईंची शाळा खोटी ठरवणार हाईस. त्यांची शनिवारची बैठक नुसती कागदावर हाय म्हणे. तसं लिहिलंस तर साहेब लोक ती बंद करतील. आधीच त्यांच्या डोळ्यात सलते.

तू आलीस त्या दिवशी दिखावाच होता, हे खरं. रांगोळी, शाल, नारळ, पोरांचं पाठ केलेलं गाणं. पण तो कुणासाठी होता? तू साहेबांच्या जीपमधून उतरलीस. आपल्याकडं जीप तपासणीलाच येते. बाईंनी घाबरून सत्यम सरांना कामाच्या नावाखाली तालुक्याला पिटाळलं. आम्हा म्हाताऱ्यांनाही निरोप, आज येऊ नका.

सत्यम सर म्हणजे नवीन लागलेलं पोरगं. शनिवारी एक मास्तर शिकवतो आणि बाकीचे पोरांच्या मागं सतरंजीवर बसून बघतात. ज्यांचे आईबाप ऊस तोडायला गेले, त्यांच्या आज्यांनाही बाई बोलावतात. मीही बसते. शाळा सुटली की निंबाखाली बसून काय जमलं, काय न्हाई ते बोलायचं. एकदा बाई म्हणाल्या, "सर, प्रश्न तुम्हीच विचारला, उत्तरही तुम्हीच दिलं. मधी पोरांना श्वास तर घेऊ द्या."

पोरगं कानापर्यंत लाल झालं. पुढच्या शनिवारी बाई स्वतः फळ्यापुढं उभ्या राहिल्या. निंबाखाली सत्यम सर भीत भीत म्हणाला की बाई, तुम्ही पुढच्याच पोरांना विचारता. मला वाटलं, आता याची धडगत न्हाई. बाई हसल्या. सोमवारी मागच्या ओळी पुढं आल्या. तेव्हापासून करिष्माला तोंड फुटलं. आता गप बसवावी लागती.

म्हणजे तू जे बघायला आलीस तेच बाईंनी लपवलं. मी त्यांना तोंडावर म्हणले, "पाहुणे आले की रांगतं लेकरू शेजारी पाठवता काय?"

त्या म्हणाल्या, "आजी, कच्चं दाखवलं की बदली होती."

यावर काय म्हणायचं, तुला सुचतं का बघ, शिकलेली तू हाईस.

जीप आपल्या दारावरून गेली. मी अंगणातच होते. काचा काळ्या होत्या, कोण कुणाला दिसलं ते देवाला ठाऊक. चहा ठेवला होता, सांडायचा कशाला, मीच प्यायले. तुला साहेबांपुढं पत्र्याचं घर दाखवायला जड गेलं असेल. बाईंना तरी बदलीचं भ्याव होतं.

असो. पत्र पोचायला दिस लागतील, तवा या न्हाई, पुढच्या शनिवारी एसटीनं ये. शाळा सकाळची असते, म्हणून शुक्रवारीच मुक्कामाला ये. बाईंना मी सांगून ठेवलंय, पुण्याच्या मॅडम येणार न्हाईत, माझी नात येणार हाय. त्या म्हणाल्या, सत्यम सरच शिकवतील. तो चुकणार, हे मी आत्ताच सांगते. माझ्या शेजारी सतरंजीवर बसून बघ, निंबाखाली थांबून ऐक, मग लिही. वाईट दिसलं तर वाईट लिही, पण बघून लिही.

घराला कुलूप नसतं. भाकरी टोपल्यात असेल.

दारात उभी न राहता मागच्या ओळीत बसणारी,
तुझी आजी